अर्धा तास तहकूब

आमच्या सेक्रेटरींकडे काही मागायचं असेल, तर ते कुठल्या खुर्चीवर बसले आहेत हे आधी बघावं लागे.

चिखलीला जुन्या जिनिंगच्या आवारात एक लांबलचक दालन होतं. पूर्वी तिथे सरकी भरत. तो तेलकट वास भिंतींतून कधी गेला नाही. दालनाच्या पूर्वेच्या टोकाला कला मंडळाचं टेबल, पश्चिमेच्या टोकाला विज्ञान मंडळाचं. दोन्ही टेबलांमागे एकेक खुर्ची. सेक्रेटरी मात्र दोन्ही मंडळांचे एकच. दोन्हीकडची कारकून म्हणून मीही एकटीच होते, पण मला खुर्ची नव्हती. माझं स्टूल बरोबर मध्ये होतं. आजही त्या माणसाचा विचार करायला लागले की मी त्या स्टुलावर जाऊन बसते, एकदा इकडे बघते, एकदा तिकडे बघते, आणि डोक्यात नुसता गोंधळ होतो.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता आणि मी नवी नवी मॅट्रिक. नोकरी विचारायला गेले तेव्हा सेक्रेटरी पश्चिमेला बसले होते. काळा कोट, गळ्यापर्यंत बटणं, समोर टेबलावर काही म्हणजे काही नाही. मी म्हटलं, कारकुनाची जागा आहे असं कळलं.

"कोणत्या संस्थेत?" त्यांनी विचारलं.

"कोणत्याही."

"'कोणतीही' या नावाची संस्था येथे नाही," ते पुस्तकातल्यासारखं म्हणाले. "या संस्थेत अर्ध्या दिवसाची जागा आहे. उरलेल्या अर्ध्या दिवसाबद्दल तिकडच्या सेक्रेटरींना विचारावे."

"ते कधी येतील?"

त्यांनी छताकडे बघून विचार केला. मग उठले, माझ्या बाजूने शांतपणे चालत दालन ओलांडलं, कोटाचं वरचं बटण काढलं आणि पूर्वेच्या खुर्चीवर बसून चेहराभर हसले.

"या बाई, या. कवाच्या आल्या? चहा घेता काय? त्यानं लय वेळ बसवलं काय तुमाले? तसाच आहे तो."

मी मागे वळून पश्चिमेच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे कोणी असायचं कारणच नव्हतं, तरी पाहिलं. घरी जाऊन सांगितलं की नोकरी लागली, दोन साहेब आहेत, एक चांगला आहे आणि एक खडूस आहे. आईला हे समजावून सांगताना माझाच गोंधळ उडाला.

सुरुवातीला मला वाटलं, ही थट्टा आहे. गावाला वाटायचं, चक्रम आहे. पण थट्टा करणारा माणूस कधीतरी गालात हसतो, आणि चक्रम माणूस कधीतरी चुकतो. हे हसतही नसत आणि चुकतही नसत. पूर्वेला बसले की भाबडे, वऱ्हाडी, कुणी मागेल ते देऊन टाकणारे. पश्चिमेला बसले की शिस्तीचे, कोरडे, नाही म्हणण्यासाठीच जन्मलेले.

कला मंडळात तबला वाजवणारे एक चाचा होते. दिवसा पेठेत गाद्यांचा कापूस पिंजायचे. एकदा नाटकात किल्ल्याचा प्रवेश होता आणि तोफ पाहिजे होती. विज्ञान मंडळाकडे एक लांब पितळी दुर्बीण होती. चाचा पूर्वेच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "साहेब, एका रात्रीपुरती दुर्बीण द्या. तिरपी ठेवली की तोफ दिसते. मी पाह्यलं मांडून."

"द्यायले पाह्यजे बा," सेक्रेटरी कळवळून म्हणाले. "पन माझ्या हातात नाई. इचारून पाहतो."

ते उठून पश्चिमेच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले. रिकाम्या खुर्चीला बहुधा मनातल्या मनात विनंती केली असावी, कारण जरा वेळ हात जोडून थांबले. मग टेबलाला वळसा घालून खुर्चीवर बसले, वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "दुर्बीण हे वैज्ञानिक उपकरण आहे. ती तोफ नव्हे."

परत पूर्वेला आले तेव्हा तोंड एवढंसं झालं होतं. "नाई म्हन्ते बा तो."

चाचा हसून हसून खोकायला लागले. "साहेब, त्याले जरा दमात घ्या न."

"ऐकत नाई तो," सेक्रेटरी म्हणाले आणि खरोखरच वाईट वाटून त्यांनी आलेला चहा परत पाठवला.

मी एकदा धीर करून विचारलं. दालनाला कुलूप लावताना विचारलं, कारण उंबऱ्यावर ते कुणाचेच सेक्रेटरी नसतील असा माझा अंदाज होता. म्हटलं, एका जागी बसून दोन्ही कामं होतील की, एवढी ये-जा कशासाठी?

"बाई," ते म्हणाले, "मागनाऱ्यानं उठून यावं लागते. बसल्या जागी मागितलं अन् बसल्या जागी दिलं, तर त्याले संस्था म्हनत नाई. त्याले घर म्हन्तेत."

पुढे मी आयुष्यभर हेच काम केलं. नागपूरला गाण्याच्या संस्थेत, पुण्याला विज्ञान प्रदर्शनाच्या संस्थेत, मग पुन्हा नागपूरला नाटकवाल्यांकडे. तिथले सेक्रेटरी रागदारी जाणत, ग्रहतारे जाणत, आणि संस्थेचं सामान घरी नेऊन ठेवत. तेव्हा मला हे वाक्य आठवायचं आणि हसू यायचं. पण त्या दिवशी मला वाटलं होतं, या माणसाचं घरी कसं होत असेल?

त्यांच्या घरी किल्ली द्यायला गेले तेव्हा त्यांच्या बायकोला, काकूंनाच विचारलं. त्या ज्वारी पाखडत होत्या.

"घरी खालीच बसतेत ते, चटईवर," काकू म्हणाल्या. "लग्नाले इतके वर्स झाले, यायले गानं आवडते का ते इंजिन-बिंजिन आवडते, मले नाई समजलं. भाजी कोन्ती करू म्हटलं तर तेबी नाई सांगत. वांग्याची करू का मेथीची? तर म्हन्तेत, दोन्ही चांगल्या. मंग मी दोन्ही करतो. अर्धी अर्धी खातेत."

काकूंना समजलं नव्हतं म्हणजे मला समजायची काही शक्यता नव्हती. कारण गाणं म्हणाल तर ते पहिल्या रांगेत ताठ बसून झोपत आणि आभाराच्या वेळी बरोबर जागे होत. विज्ञान म्हणाल तर सूक्ष्मदर्शकातून त्यांनी एकदाच आडाच्या पाण्याचा थेंब पाहिला, आणि त्यानंतर कित्येक दिवस पाण्याचा पेला हातात घेऊन नुसते बघत बसायचे. त्यांना सूर कळत नव्हता, दुर्बिणीतून एक डोळा मिटून बघणं जमत नव्हतं. मग हा माणूस सकाळी येऊन सतरंज्या झटकतो, दोन्ही टेबलं पुसतो, तबल्यावर अभ्रा घालतो, दुर्बिणीवर अभ्रा घालतो, हे कशासाठी?

सभासदही त्यांनी सगळे दोन्हीकडचे करून ठेवले होते. कला मंडळात नाव घातलं की तुम्हाला हाताला धरून तिकडे नेत आणि विज्ञान मंडळात घालत. त्यामुळे चिखलीत ज्याला संध्याकाळी घरी बसवत नाही असा प्रत्येक माणूस दोन्ही मंडळांचा सभासद होता.

आता सभेबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच आहे. संस्थेच्या सभेला ठरावीक माणसं जमली तरच ती सुरू करता येते. त्याला गणसंख्या म्हणतात. ती भरली नाही तर सभा अर्धा तास तहकूब करायची आणि मग आले तेवढ्यांवर त्याच जागी भरवायची, असा सगळीकडचा रिवाज. आमच्याकडे गणसंख्या कधीच भरायची नाही. सगळ्यांना माहीत असायचं की सभा अर्ध्या तासानंच होणार, म्हणून काही जण अर्ध्या तासानंच यायचे. सेक्रेटरी वेळेवर उभे राहत, सगळ्यांना मोजत आणि मोठ्यानं म्हणत, "गणसंख्येअभावी ही सभा अर्धा तास तहकूब करण्यात येत आहे." हे वाक्य मात्र ते ज्या सुरात म्हणत, तेवढा एकच सूर त्यांना येत असावा.

मग सगळे बाहेर ओट्यावर. समोर कडुनिंब होता. चहा यायचा, चाचा तबला घेऊन बसायचे, हायस्कुलातले सायन्सचे मास्तर दुर्बीण बाहेर काढायचे. आणि सेक्रेटरी ओट्याच्या कडेला पाय सोडून बसायचे, कोट काढून. त्या अर्ध्या तासात ते कुणाचेच नसत. चाचांना विचारायचे, "चाचा, ही तबल्याची शाई कशाची असते? लोखंडाची असते मंजे तिले गंज काऊन नाई चढत?" चाचांना ते माहीत नसायचं. मग मास्तरांना विचारायचे, "मास्तर, सूर मंजे हवाच न? मंग तो उतरते कसा?" मास्तर बुचकळ्यात पडायचे. मग मास्तर चाचांकडे सरकायचे आणि दोघं तबल्यावर वाकून काहीतरी करत बसायचे. अर्धा तास संपला की आत जाऊन दोन मिनिटांत सगळे ठराव मंजूर. त्या दोन मिनिटांसाठी एवढी माणसं का जमतात, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

दालन जिनिंगच्या मालकांचं, मोठ्या शेठचं होतं. त्यांनी तोंडी सांगितलं होतं, वापरा. ते गेले आणि धाकटे शेठ अमरावतीहून शिकून परत आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना सगळं नीट कागदावर हवं होतं. एक दिवस येऊन माझ्या स्टुलाशी उभे राहिले, कारण कुणीकडे तोंड करून बोलावं हे त्यांना कळेना.

"बाबांनी जागा संस्थेले दिली, ते मी मोडत नाई," ते म्हणाले. "संस्थेच्या नावानं पक्का कागद करून देतो. पन एकाच. दोघांच्या नावानं केली तर उद्या तुमी भांडसान अन् मले कोर्टात उभं करसान. कोन्ती ते तुमीच सभेत ठरवा. नाई ठरलं तर मी सरकी भरतो."

झालं. ज्याला जागा मिळणार नाही ते मंडळ संपणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. चाचांना तालमीला दुसरी खोली नव्हती आणि मास्तरांची दुर्बीण ठेवायला शाळा तयार नव्हती. गावात दोन तट पडले आणि दोघांनाही खात्री की सेक्रेटरी आपले.

"साहेब आपले हायेत," चाचा म्हणाले. "दुर्बीण मागतानी किती कळवळले होते."

"पण शेवटी दिली का?" मास्तर म्हणाले. "नाही ना? मग माणूस कुणाचा झाला?"

त्या दिवसांत मी सेक्रेटरींना पहिल्यांदा चुकताना पाहिलं. ते पश्चिमेच्या खुर्चीवर बसले, वरचं बटण लावलं, आणि मला म्हणाले, "चहा घेता काय बाई?" मग दचकून कोटाकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी पूर्वेला बसून एका गायकाला म्हणाले की आपला अर्ज विचाराधीन आहे. पुढे तर कुठेच बसेनात. खिडकीशी उभे राहत. मला फार वाईट वाटलं, आणि भीतीही वाटली. हा माणूस कुठल्याही एका खुर्चीवरून कायमचा उठला, तर दुसरीवर त्याला बसता येईल का, हेच मला कळेना.

रविवारी संध्याकाळी दोन्ही मंडळांची संयुक्त सभा भरली. एवढी माणसं मी तिथे कधी पाहिली नव्हती. धाकटे शेठ दाराशी बसले होते. सेक्रेटरी मध्ये, माझ्या स्टुलाजवळ उभे राहिले आणि म्हणाले, जागेचा प्रश्न आहे, घटनेप्रमाणे दोन्ही मंडळांची गणसंख्या वेगवेगळी भरली पाहिजे. कला मंडळाचे सभासद पूर्वेला बसा, विज्ञानाचे पश्चिमेला.

कुणी उठेना. सगळेच दोन्हीकडचे होते.

"मी कुठं बसू?" एकानं विचारलं.

"कुठंबी बसा. पन एका मान्सानं एकाच जागी."

हे त्यांनी म्हणावं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग एकच पळापळ झाली. चाचांनी माणसं ओढून पूर्वेला बसवली. सेक्रेटरींनी स्वतःला एकदा धरून मोजलं. पूर्व भरली, पश्चिमेला दोन कमी. मास्तरांनी हात करून दोघांना पश्चिमेला बोलावलं. पश्चिम भरली, पूर्वेला दोन कमी. चाचांनी परत बोलावलं. एक म्हातारे गृहस्थ तर मधोमध सतरंजीवरच बसले आणि म्हणाले, आता मले जिकडे मोजाचं तिकडे मोजा.

धाकटे शेठ म्हणाले, "मी होऊन जातो सभासद. मंग?"

"तुमी झाले तरी एक कमीच, शेठ," सेक्रेटरी म्हणाले. "पन व्हा. दोन्हीकडचे व्हा."

तेवढ्यात मास्तर उभे राहिले. हिशेबी माणूस. म्हणाले, "अहो, सोपं आहे. शेठ आता आले. तुम्हाला सोडून मोजलं तर दोन कमी, पूर्वेला एक कमी ठेवू, पश्चिमेला एक कमी. तुम्ही दोन्हीकडचे सभासद, दोन्हीकडचे सेक्रेटरी. तुम्हाला तिकडेही धरायचं, इकडेही धरायचं. दोन्ही संख्या पूर्ण. घ्या मतदान."

खरंच होतं ते. ज्या माणसानं जन्मभर दोन माणसं होऊन दाखवली, त्याला दोन धरायला कुणाची हरकत असणार? चाचाही मान हलवायला लागले. आता मतं पडणार आणि कुणातरी एकाचं टेबल बाहेर जाणार, हे मला दिसलं.

सेक्रेटरींनी पूर्वेच्या खुर्चीकडे पाहिलं. पश्चिमेच्या खुर्चीकडे पाहिलं. कपाळाचा घाम पुसला.

"मानूस एकच असते, मास्तर," ते म्हणाले.

मग घसा साफ करून नेहमीच्या सुरात म्हणाले, "गणसंख्येअभावी ही सभा अर्धा तास तहकूब करण्यात येत आहे."

सगळे बाहेर आले. चहा आला. घटकाभरापूर्वी एकमेकांच्या बाह्या ओढणारी माणसं ओट्यावर शेजारी शेजारी बसली, कारण तिथे पूर्व-पश्चिम नव्हतं. मास्तरांनी दुर्बीण लावली, चाचांनी ठेका धरला. चंद्र वर आला होता. धाकटे शेठ आधी लांब उभे होते, मग दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ वाकून राहिले, मग चाचांपाशी येऊन बसले आणि मांडीवर चुकीचा ताल द्यायला लागले. अर्ध्या तासानं आत गेलो, पुन्हा मोजलं, पुन्हा कमी. जागेच्या प्रश्नाला तहकुबीनंतरही पूर्ण संख्या लागते, असं कलम दोन्ही घटनांत होतं. ते कलम कुणी घातलं होतं हे सांगायला नको.

पुढचा रविवार तहकूब. त्याच्या पुढचा तहकूब. शेठ दर रविवारी यायला लागले, मला वाटतं जागेसाठी नाही. शेवटी एकदा चहा पिता पिता म्हणाले, "तुमची गनसंख्या भरली की सांगा मले. तवर राहा दोघंबी." ती सभा अजूनही तहकूबच आहे. दालनात दोन्ही मंडळं अजून आहेत.

हे त्यांनी मुद्दाम केलं, की नियम म्हणजे नियम म्हणून होऊन बसलं? मी सरळ विचारलं. पूर्वेच्या खुर्चीवर होते तेव्हा विचारलं. म्हणाले, "तो प्रश्न तिकडचा आहे बाई." उठले, दालन ओलांडून पश्चिमेला बसले, बटण लावलं. मी तिकडे जाऊन तोच प्रश्न विचारला. "सदर प्रश्न," ते म्हणाले, "पलीकडील संस्थेच्या अखत्यारीत येतो." मी परत स्टुलावर येऊन बसले.

ते गेल्याचं कळलं तेव्हा मी नागपूरला होते. मेहकरला गाडी बदलून चिखलीला पोहोचले. शोकसभा त्याच दालनात होती. सतरंज्यांवर जागा नव्हती, दारात माणसं, खिडक्यांत माणसं. दोन टेबलांमागच्या दोन खुर्च्या तेवढ्या रिकाम्या होत्या. गर्दी इतकी होती तरी त्यांवर कुणी बसलं नव्हतं. काकू पुढे बसल्या होत्या.

"सभा तुमी चालवा बाई," चाचा म्हणाले. ते आता फार थकले होते. "तुमाले दोन्हीकडचं ठाऊक आहे."

माझं स्टूल मध्येच होतं. मी त्यावर बसले. गाडीत एक भाषण तयार केलं होतं, कलेचे उपासक, विज्ञानाचे पुरस्कर्ते वगैरे. त्यातलं एकही अक्षर खरं नव्हतं. सवयीनं पूर्वेला पाहिलं, सवयीनं पश्चिमेला पाहिलं, आणि मला एकदम रडू फुटलं. डोळे पुसले आणि उभी राहिले.

"गणसंख्येअभावी," मी म्हटलं, "ही सभा अर्धा तास तहकूब करण्यात येत आहे."

कुजबुज झाली. धाकटे शेठ, आता त्यांचेही केस पिकले होते, मागून म्हणाले, "बाई, पाय ठेवाले जागा नाई अन् गनसंख्या कमी?"

"दोन कमी आहेत," मी म्हणाले.

आधी काकू उठल्या. पदर सारखा केला, माणसांमधून वाट काढत बाहेर गेल्या आणि ओट्याच्या कडेला पाय सोडून बसल्या. मग चाचांनी तबला मागितला, आणि आम्ही सगळे त्यांच्यामागून बाहेर गेलो.